मुंबईत युकुलेले वाजवून आणि हवाईयन म्युझिक शिकवून घर चालवायचंय? मग हे वाचा

मला बरेच जण मेसेज करून विचारतात की ताई, युकुलेलेवर, म्हणजे या चार तारांच्या छोट्या गिटारसारख्या वाद्यावर, मुंबईत खरंच घर चालतं का, आणि नोकरी सोडू का. चालतं. पण नोकरी लगेच सोडू नका, निदान एक लग्नसराई, एक मे महिना आणि एक पावसाळा असं तिन्ही बघून मग ठरवा, कारण या कामात पैसा बारा महिने सारखा येत नाही, डिसेंबरात श्वास घ्यायला वेळ नसतो आणि जुलैत फोन वाजत नाही.

दुसरी गोष्ट आधीच सांगते कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. चार कॉर्ड्सवर, म्हणजे काही स्वर एकत्र वाजवायच्या चार जुळण्यांवर, युकुलेले वाजवणारे मुंबईत भरपूर आहेत, प्रत्येक कॉलेजच्या ग्रुपमध्ये एक तरी सापडतो. त्यांच्यापेक्षा तुम्हाला का बोलवायचं, तुमच्याकडेच मूल का पाठवायचं, तर तुम्हाला या वाद्याचं स्वतःचं संगीत येतं म्हणून. हे वाद्य हवाई बेटांवरचं, तिथलं संगीत नीट, मान देऊन शिकलात तर काम टिकतं. नुसतं गोंडस वाद्य म्हणून वाजवत राहिलात तर एका सीझननंतर लोक दुसरं काहीतरी गोंडस शोधतात. त्यामुळे या लेखात शिकण्याचा भाग मोठा आहे आणि पैशाचा त्यामानाने लहान, हे मुद्दाम आहे.

वाद्य घेताना

साईज चार आहेत. सोप्रानो सगळ्यात लहान, मग कॉन्सर्ट, मग टेनर, आणि बॅरिटोन जी गिटारच्या पायाकडच्या चार पातळ तारांसारखी लागते त्यामुळे शिकवायला सध्या बाजूला ठेवा. लहान मुलांना सोप्रानो, मोठ्या माणसांना कॉन्सर्ट, आणि तुम्ही स्टेजवर वाजवणार असाल तर पिकअप, म्हणजे आवाज थेट स्पीकरला न्यायची सोय, असलेली कॉन्सर्ट किंवा टेनर. अगदी स्वस्तातली, खेळण्याच्या दुकानात मिळते ती घेऊ नका आणि विद्यार्थ्यालाही घेऊ देऊ नका, ती सुरात राहतच नाही आणि पोरगं बिचारं समजतं की आपल्यालाच जमत नाहीये.

शक्यतो दुकानात जाऊन, हातात घेऊन घ्या. धोबी तलावला फुर्टाडोज आहे, तिथे जाऊन चार-पाच वाजवून बघितल्या तरी कान तयार होतो. बघायचं काय, तर प्रत्येक तार आधी मोकळी वाजवून ट्यूनरवर सुरात लावा, मग तीच तार बाराव्या फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या बाराव्या आडव्या पट्टीजवळ, दाबून वाजवा, ट्यूनरने तोच स्वर दाखवला पाहिजे, काटा बराच वर किंवा खाली गेला तर ती युकुलेले ठेवून द्या. मग पहिल्या फ्रेटवर दाबून बघा, तिथे स्वर चढा येत असेल तर वरच्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीत बसतात तिच्या, खाचा उंच आहेत, हे दुरुस्त होतं पण दुकानदाराला तिथल्या तिथे सांगा. फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवा, टोचायला नको. आणि नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनच्याच तारा लावायच्या, स्टीलच्या कधीही नाही, त्या ताणाने ब्रिज, म्हणजे तारा खाली जिथे बांधलेल्या असतात तो तुकडा, उपटून येतो.

आता मुंबईची हवा. अख्खं लाकूड, म्हणजे सॉलिड टॉप, आवाजाला सुंदरच. हवाईत कोआ नावाच्या बाभळीच्या कुळातल्या झाडाचं लाकूड वापरतात, आंब्याच्या लाकडाच्याही छान युकुलेले बनतात, आणि तिथल्या होनोलुलू शहराची कामाका कंपनी तर १९१६ पासून हेच काम करतेय. पण आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की सॉलिड लाकूड फुगतं, टॉप वर येतो, तारा उंच होतात आणि बोटं दुखायला लागतात. म्हणून रोज लोकलने फिरवायची, क्लासला न्यायची युकुलेले लॅमिनेटची, म्हणजे लाकडाचे पातळ थर चिकटवून केलेली, ठेवा, आणि चांगली सॉलिड असेल तर ती हार्ड केसमध्ये, सिलिका जेलची पुडी टाकून. पुड्या बदलत राहा, एकदा टाकली की झालं असं नसतं. ओल आलेल्या भिंतीला टेकवून ठेवू नका, आणि मे महिन्यात बंद गाडीत तर अजिबात नको, आतला गोंद सुटतो. एसी हॉलमध्ये गिग, म्हणजे वाजवायचा कार्यक्रम, असेल तर अर्धा तास आधी केस उघडून ठेवा, लाकडाला त्या हवेची सवय होऊ दे, मग ट्यून करा.

सूर आणि हात

युकुलेलेच्या तारा डोक्याकडून पायाकडे जी, सी, ई, ए अशा लागतात. आपल्याकडे घरोघरी कोणी ना कोणी पेटी वाजवलेली असते, तर त्यांना मी सांगते की पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा, आणि पांढरी एकचा सा धरला तर प सा ग ध. गंमत अशी की डोक्याकडची ती प ची तार खर्जातली नाही, ती सा च्या वरची आहे, त्यामुळे हात वरून खाली फिरवला तरी स्वर खालून वर असे सरळ चढत नाहीत, मधेच खाली उडी मारून पुन्हा चढतात. युकुलेलेचा जो खळखळता आवाज आहे तो बराचसा यामुळेच. काही जण ती तार बदलून खालच्या सप्तकातली लावतात, सोलो वाजवायला ते छानच, पण शिकताना आणि शिकवताना आधी वरच्या जी वरच राहा, हवाईयन स्ट्रमिंग त्यावरच कळतं.

स्ट्रम, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवणं, तर्जनीच्या नखाने खाली आणि त्याच बोटाच्या पोटाने वर, मनगट सैल, आणि हात भोकावर नाही तर जिथे मान बॉडीला मिळते तिथे. लय थोडी झुलती असते, एका मात्रेचे दोन भाग केले तर पहिला लांब दुसरा आखूड. इथे घाई करू नका. नुसत्या सी कॉर्डवर हा झोका जमेपर्यंत वाजवायचं, डावा हात बदलायचाच नाही, मी नवीन माणसाकडून सुरुवातीचे क्लास हेच करून घेते आणि कंटाळा आला तरी करून घेते.

मग व्हॅम्प. हवाईयन म्युझिक येतं की नाही हे ओळखायचं असेल तर माणसाला व्हॅम्प वाजवायला सांगा. गाण्याच्या सुरुवातीला आणि दोन कडव्यांच्या मध्ये एक छोटा तुकडा येतो, सी च्या पट्टीत असाल तर दोन मात्रा डी सेव्हन, दोन मात्रा जी सेव्हन, चार मात्रा सी. आठ मात्रा, म्हणजे आपल्या केरव्याचं एक आवर्तन, आणि बहुतेक वेळा हे दोनदा वाजतं. नाचणाऱ्याला यातून कळतं की आता कडवं सुरू होणार, हुला, म्हणजे हवाईचा पारंपरिक नाच, करणारे या तुकड्यावर काहोलो नावाची बाजूला जाणारी चाल चालतात आणि गाणाऱ्याला श्वास मिळतो. म्हणजे ती नुसती सजावट नाहीये, त्याला काम आहे. डी सेव्हनचा हवाईयन प्रकार सोपा आहे, डोक्याकडून पहिली आणि तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबायची, बाकीच्या दोन मोकळ्या. जी सेव्हनला दुसरी तार दुसऱ्यावर, तिसरी पहिल्यावर, चौथी दुसऱ्यावर. सी म्हणजे फक्त शेवटची तार तिसऱ्या फ्रेटवर. हे झालं की तोच तुकडा एफ च्या पट्टीत बसवा, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ, आणि मग जी च्या पट्टीत, ए सेव्हन, डी सेव्हन, जी. तीन पट्ट्यांत व्हॅम्प डोळे मिटून यायला लागला की गाणाऱ्याचा गळा कुठेही लागो, तुम्ही अडत नाही.

शेवटच्या कडव्याची एक खूण असते तीही शिका. बऱ्याच पारंपरिक गाण्यांत शेवटचं कडवं 'हा'इना' या शब्दाने सुरू होतं, म्हणजे गोष्ट सांगून झाली असं गाणारा कळवतो, आणि ते कडवं साधारणपणे दोनदा गातात. अभंगात 'तुका म्हणे' आलं की जसं सगळ्यांना कळतं आता हा शेवट, टाळ सावध होतात, अगदी तसंच. मराठी विद्यार्थ्यांना हे एका वाक्यात समजतं, वेगळं समजवावं लागत नाही.

ऐकण्यासाठी जुनी माणसं आधी ऐका. एडी कामाए, 'ओहता-सान' म्हणून ओळखले जाणारे हर्ब ओहता, उंच फॉल्सेटो आवाजात गाणाऱ्या जेनोआ केआवे, स्लॅक-की, म्हणजे तारा सैल करून लावायच्या गिटारचे गॅबी पाहिनुई. इझ्रायल कामाकाविवो'ओले सगळ्यांना एका गाण्यामुळे माहीत असतात पण त्यांची हवाईयन भाषेतली गाणी ऐका, ती फार मोठी आहेत. जेक शिमाबुकुरो जरूर ऐका, पण त्यांच्यासारखं वाजवायच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका.

भाषा आणि इतिहास, हे टाळू नका

गाणी हवाईयनमध्ये गायची असतील तर उच्चार शिकावेच लागतील, आणि मराठी माणसाला हे जमतं. प्रत्येक अक्षर स्वरात संपतं, जोडाक्षरं नाहीत, क आणि प हे आपल्यासारखेच ह न मिसळता. वर्णमाला फक्त १३ अक्षरांची, पाच स्वर आणि आठ व्यंजनं, त्यातलं एक व्यंजन म्हणजे ओकिना, घशात क्षणभर आवाज अडवायचा. तो गाळला तर शब्द बदलतो. मी मुलांना गाणी देवनागरीत लिहून देते, र्‍हस्व-दीर्घ आ, ई, ऊ आपल्याला छान लिहिता येतात, ओकिनाच्या जागी वर एक टिंब-रेघ करते, आणि ए किंवा ओ लांब असेल तर त्याखाली रेघ मारते. मोठ्यांना मात्र मूळ लिपीतला कागदही सोबत देते. वेहेवेहे नावाची हवाईयन शब्दकोशांची वेबसाईट आहे आणि हुआपाला नावाचा गाण्यांच्या बोलांचा संग्रह आहे, दोन्ही फुकट आहेत. गाणं घेण्याआधी त्याचा अर्थ तिथे वाचा. फुलाचं, पावसाचं वाटणारं गाणं एखाद्या माणसासाठी रचलेलं असू शकतं, एखादं शोकाचं असू शकतं, आणि हळदीच्या कार्यक्रमात शोकाचं गाणं वाजवणं बरं नाही, समोरच्याला कळो न कळो.

इतिहास थोडक्यात तरी पाठ असू द्या, कारण पालक विचारतात, हॉटेलवाले विचारतात, आणि विचारलं नाही तरी तुम्ही सांगावं असं मला वाटतं. २३ ऑगस्ट १८७९ ला रेवन्सक्रॅग नावाचं जहाज होनोलुलूला लागलं, त्यातून पोर्तुगालच्या मदेरा बेटावरचे लोक उसाच्या मळ्यांत कामाला आले, सोबत त्यांचं माशेत नावाचं चार तारांचं छोटं वाद्य. त्यात लाकूडकाम जाणणारे मॅन्युएल नुनेस, ऑगस्टो डियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघं होते, त्यांनी तिथल्या लाकडातून वाद्यं करायला घेतली आणि त्यातून युकुलेले घडली. राजा कालाकौआने तिला दरबारात जागा दिली. त्याची बहीण राणी लिलीउओकलानी स्वतः मोठी संगीतकार होती, १८९३ मध्ये तिचं राज्य उलथवलं गेलं, १८९६ च्या कायद्याने शाळेत शिकवायची भाषा इंग्रजी ठरली आणि हवाईयन भाषा वर्गातून गेली, ती अमेरिकेतल्या हवाई राज्याची अधिकृत भाषा म्हणून परत आली १९७८ मध्ये. आपण ज्या भाषेत मजेत गातो त्या भाषेसाठी कोणाच्या तरी आजी-आजोबांना शाळेत शिक्षा झालेली आहे. हे मी दहा वर्षांच्या मुलांनाही सांगते, त्यांना समजतं आणि त्यानंतर ती शब्द नीट उच्चारतात.

आणि आपलाही एक धागा जोडलेला आहे. मांडीवर आडवी ठेवून तारांवर धातूची पट्टी फिरवून वाजवायची हवाईयन गिटार, जिचा शोध जोसेफ केकुकूच्या नावावर सांगतात, ती भारतात फार रुजली. ताऊ मोए आणि त्यांचं कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहून वाजवत-शिकवत होतं, मुंबईत व्हॅन शिप्ले यांच्या हवाईयन गिटारवरच्या फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्ड्स घरोघरी वाजायच्या, आणि पुढे ब्रिजभूषण काब्रा यांनी त्याच गिटारवर राग उभे केले. त्यामुळे एखाद्या कार्यक्रमात सत्तरीचे आजोबा पुढे येऊन म्हणतात, अहो हा आवाज आम्ही रेडिओवर ऐकलाय. त्यांच्यासाठी सेटमध्ये, म्हणजे कार्यक्रमात वाजवायच्या गाण्यांत, एक-दोन जुन्या धुना ठेवाच.

शिक्षक कुठून आणायचा? मुंबईत हवाईयन म्युझिकचा मुरलेला गुरू मिळणं कठीण, तर हवाईतल्या शिक्षकांकडे ऑनलाइन शिका. ते आपल्या साडेपंधरा तास मागे आहेत, तुमच्या सकाळी साडेसातला तिकडे आदल्या दिवशीचे दुपारचे चार वाजलेले असतात, म्हणजे क्लास सुरू व्हायच्या आधीची आपली सकाळ छान जुळते. फी द्या, फुकटात मागू नका. आणि हवाईतल्या हिलोला १९६४ पासून मेरी मोनार्क महोत्सव भरतो, ईस्टरच्या रविवारपासूनच्या आठवड्यात, त्यातल्या हुला स्पर्धा ऑनलाइन बघा. त्यात कळेल की काहिको म्हणजे जुना हुला हा मंत्रासारख्या गायनावर आणि ढोलावर, भोपळ्याच्या वाद्यावर असतो, तिथे युकुलेले नसतेच, आणि आउआना म्हणजे नंतरचा हुला, तिथे आपलं वाद्य येतं.

क्लास

सुरुवात घरातून किंवा सोसायटीच्या क्लबहाऊसमधून करा. क्लबहाऊस असेल तर सेक्रेटरीला भेटून लेखी परवानगी घ्या, तोंडी हो म्हणतात आणि पुढच्या मीटिंगमध्ये कोणीतरी आवाजाची तक्रार करतं. युकुलेलेचा आवाज लहान आहे, शेजाऱ्यांना त्रास होत नाही, हे आपल्या वाद्याचं वनरूम-किचनच्या शहरात फार मोठं बळ आहे, आणि लोकलमध्ये रॅकवर मावते ते वेगळंच. तरी सकाळी आठ ते साडेआठच्या विरार किंवा कर्जत गाडीत ती पाठीवर नको, पोटाशी धरा.

बॅच पाच-सहा जणांची, त्यापेक्षा मोठी केली की प्रत्येकाची बोटं बघता येत नाहीत. सहा-सात वर्षांच्या खालचं मूल घेऊ नका, आईबाबा कितीही म्हणोत. मोठ्यांची बॅच वेगळी ठेवा, आणि तिला कमी लेखू नका, ऑफिस सुटल्यावर येणारे चाळिशीचे लोक आणि रिटायर झालेले काका-काकू हे सगळ्यात नियमित येतात, फी वेळेवर देतात आणि घरी रियाझ करतात.

पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, किती महिन्यांत गाणं वाजवेल. खरं सांगा, दोन कॉर्डचं सोपं गाणं महिन्याभरात येतं, गाता गाता सुरात वाजवायला वर्ष लागतं. काहींना सर्टिफिकेट हवं असतं, त्यांच्यासाठी रॉकस्कूलच्या युकुलेलेच्या ग्रेड परीक्षा आहेत, पण त्यात हवाईयन म्युझिक हा मुख्य अभ्यास नाही, त्यामुळे परीक्षेची तयारी वेगळी आणि आपलं शिकवणं वेगळं असं आधीच स्पष्ट करा.

कॉर्डचा क्रम मी असा ठेवते: सी, मग सी सेव्हन, एफ, जी सेव्हन, मग डी सेव्हन आणि व्हॅम्प. बऱ्याच ऑनलाइन धड्यांत ए मायनर अगदी सुरुवातीला येतो कारण पॉप गाण्यांना तो लागतो, मला तो नंतर चालतो. पहिल्या दिवसापासून गायला लावायचं. ज्याला लाज वाटते त्याला नुसतं गुणगुणू दे, पण तोंड बंद ठेवून हवाईयन म्युझिक शिकता येत नाही, तिथे गाणं आधी आणि वाद्य त्याच्या मागे. डाव्या हाताची नखं दर आठवड्याला बघा. घामट हात असणाऱ्यांना रुमाल आणायला सांगा, वाजवून झाल्यावर तारा पुसल्या की जास्त टिकतात. नवीन तारा लावल्या की पहिले काही दिवस त्या ओढून उतरतातच, पालकांना आधी सांगितलं नाही तर रात्री फोन येतो की वाद्य खराब आहे.

फी महिन्याची, आठ क्लासची, आगाऊ. विद्यार्थी आला नाही तर एखादा बदली क्लास द्या, तुम्ही रद्द केला तर नक्की द्या, आणि हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा, तोंडी ठेवू नका. पावसाने गाड्या बंद पडल्या तर त्या दिवशी ऑनलाइन घ्या, फक्त ऑनलाइन सगळ्यांना एकत्र वाजवायला लावू नका, आवाज मागेपुढे पोचतो आणि गोंधळ होतो, तुम्ही वाजवा आणि त्यांना म्यूटवर तुमच्याबरोबर वाजवू द्या, मग एकेकाचं ऐका.

गिग

काम कुठून येतं? हॉटेलांचे रविवारचे ब्रंच, वांद्र्याचे कॅफे, ऑफिसांचे कार्यक्रम, वाढदिवस, आणि सगळ्यात जास्त पैसा लग्नात, हळद आणि मेहंदीला पाहुणे बोलत असतात तेव्हा मागे मंद काहीतरी हवं असतं, तिथे युकुलेले चपखल बसते. एकट्याने वाजवण्यापेक्षा दोघं-तिघं करा, एक गिटार किंवा बास आणि जमल्यास स्टील गिटार, म्हणजे तीच मांडीवरची हवाईयन गिटार, त्या स्टीलच्या एका मींडेने अख्खा मांडव शांत होतो.

'हवाईयन थीम' हा शब्द तुम्हाला सारखा ऐकायला मिळेल. त्यात प्लास्टिकचा गवती घागरा, नारळाची करवंटी, आणि कोणालाही उभं करून हुला असं सगळं येतं. मी सरळ सांगते की फुलांची माळ घालीन, फुलांचा शर्ट घालीन, घागरा-करवंटी नाही, आणि हुला शिकलेलं माणूस असल्याशिवाय हुला म्हणून काही दाखवणार नाही. शांतपणे कारण सांगितलं की बहुतेक लोक ऐकतात, त्यांना माहीतच नसतं कोणाच्या पूजेचा, कोणाच्या घराण्याचा हा नाच आहे. आणि पर्याय द्या, ताज्या मोगऱ्याचे-शेवंतीचे हार दादरच्या फुलबाजारातून आणा, ते फोटोत प्लास्टिकपेक्षा कितीतरी सुंदर दिसतात. जे ऐकत नाहीत त्यांचं काम सोडा. त्याने नुकसान होत नाही, उलट नाव होतं.

सेटमध्ये अर्धं हवाईयन ठेवा, अर्धं हिंदी-मराठी. फर्माईश येणारच, आणि जुन्या हिंदी गाण्यांची चाल युकुलेलेवर फार गोड वाजते, दादऱ्यातली गाणी तर हवाईयन वॉल्ट्झच्या स्ट्रमवर अलगद बसतात. फक्त हिंदी गाणं वाजवून त्याला हवाईयन म्हणू नका.

साऊंडकडे लक्ष द्या. स्वतःची केबल, वाद्य साऊंड सिस्टिमला नीट जोडायचा डीआय बॉक्स, पिकअपची जादा बॅटरी, दोन ट्यूनर, तारांचा एक सेट, हे पिशवीत कायम. साऊंडवाल्या दादाला आधी नमस्कार करून नाव विचारा, मग सांगा की युकुलेलेच्या चॅनलवर बेस उतरवा आणि मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्याला ऐकू यावं म्हणून ठेवतात तो स्पीकर, माझ्या समोर थेट नको, नाहीतर वाद्य घुमायला लागतं. उघड्यावर रात्री दहाला स्पीकर बंद होतात, त्यामुळे तुमचा सेट सूर्यास्ताच्या आसपासचा मागून घ्या, नऊला सुरू करायचं कबूल करू नका, आधीचे कार्यक्रम लांबतात आणि तुमचाच वेळ कापला जातो.

अलिबागच्या लग्नांसाठी वेगळा हिशोब. गेटवेवरून मांडव्याला जाणारी लाँच पावसाळ्यात बंद असते, आणि एरवीही रात्री उशिरा परतीची बोट नसते, म्हणून राहायची सोय किंवा रस्त्याने परतायची गाडी हे आधी ठरवून घ्या आणि लिहून घ्या. वाळूत वाजवलंत तर घरी येऊन ट्यूनिंगच्या खुंट्या कोरड्या कपड्याने पुसा, खाऱ्या हवेने त्या अडकतात.

पैसे आणि कागद

रेट ठरवताना फक्त वाजवायचा तास धरू नका. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचा वेळ, टॅक्सी, सोबत्यांचे पैसे, रिहर्सल, हे सगळं मांडा आणि मग आकडा सांगा. बोरिवलीहून कुलाब्याला पंचेचाळीस मिनिटं वाजवायला गेलात तर दिवस गेलेला असतो. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले कार्यक्रमाच्या दिवशी, तारीख, वेळ, जागा, साऊंड कोणाचा, जेवण आहे का, सगळं एका मेसेजमध्ये. 'एक्सपोजर मिळेल' म्हणणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. फुकट वाजवायचंच असेल तर वृद्धाश्रमात वाजवा, मुलांच्या वॉर्डात वाजवा, तिथे खरंच गरज आहे.

हॉटेल आणि इव्हेंट कंपन्या बिलातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घ्यायचा इन्कम टॅक्स, कापतात, बहुतेक वेळा १० टक्के, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते इन्कम टॅक्सच्या वेबसाईटवर बघा आणि रिटर्न भरा, नाहीतर परत मिळायचे पैसे तसेच राहतात. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर जीएसटी. हॉटेल-कॅफेत गाणी वाजवायचं लायसन्स जागेच्या मालकाने किंवा आयोजकाने काढायचं असतं, तुमच्या करारात तशी ओळ घाला. व्हिडिओ टाकताना लक्षात ठेवा, आपल्या कायद्यात रचनाकार गेल्यावर ६० वर्षांपर्यंत कॉपीराइट असतो. राणी लिलीउओकलानी १९१७ मध्ये गेली, तिच्या रचना मोकळ्या आहेत, पण विसाव्या शतकातली बरीच हवाईयन गाणी नाहीत. मोकळं गाणं असलं तरी रचनाकाराचं नाव लिहा.

वर्षाचं गणित असं बसवा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी गिग, मार्चमध्ये शाळांच्या परीक्षा म्हणून मुलांचे क्लास अर्धे, एप्रिल-मे सुट्टीच्या बॅचेस, जूनमध्ये नवीन भरती, पावसाळ्यात गिग जवळपास नाहीत, गणपतीत दहा दिवस कोणी फिरकत नाही. लग्नसराईतल्या कमाईतला एक भाग जुलै-ऑगस्टसाठी बाजूला काढा, वेगळ्या खात्यात, हात लागणार नाही असा. आणि ते दोन महिने स्वतः शिकण्यासाठी ठेवा, नवीन गाणी त्यांच्या अर्थासकट बसवा, हवाईतल्या गुरूकडचे क्लास वाढवा, मुलांसाठीचे देवनागरी कागद तयार करा, वाद्यांच्या तारा बदला, पुड्या बदला, कारण गणपती उठले की दिवाळीच्या पार्ट्यांचे आणि लग्नांचे फोन सुरू होतात आणि मग फेब्रुवारीपर्यंत नवीन काही बसवायला वेळ मिळत नाही.